टिकरधारची बस वाचवली त्याची हकिकत

पोस्ट ऑफिस, टिकरधार
शनिवार, टपाल लावून झाल्यावर

माननीय साडूभाऊ खेमचंदजी यांस,

लायकरामचा तुमच्या डाव्या गुडघ्याला हात लावून नमस्कार. (रीतीप्रमाणे पायालाच लावायला हवा, पण तुमच्या घरात सध्या त्या गुडघ्याइतका मान दुसऱ्या कोणाला नाही असं कळतं, म्हणून आधी त्याला.) इंद्रमणी दीदींना नमस्ते, सुनेला आशीर्वाद, नातवंडांना पापा. बिलासपूरला उकाडा फार असेल. म्हैस आटली होती ती परत दुधावर आली का? मागच्या खेपेला तुम्ही मोहरीच्या तेलात कसलीशी मुळी उकळून गुडघ्याला चोळत होता, तिने गुण आला की नाही तेही कळवावं, कारण तीच मुळी मी आमच्या दिलारामला सांगून बसलो आणि त्याने ती चोळायच्या ऐवजी पोटात घेतली. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. आता बरा आहे.

मी ठीक आहे. घर ठीक आहे. कोंबड्या ठीक आहेत, फक्त लाल कोंबडी सध्या अंडी कुठे घालते ते सापडत नाही. आम्ही सगळे सुखरूप आहोत. (यातलं 'आम्ही' सवयीने लिहून गेलो. त्याचा खुलासा पुढे येईल.)

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्याकडे फोनला रेंज फक्त देवतेच्या मंदिरामागच्या कातळावर मिळते आणि गावातलं उत्तम ऊनही त्याच कातळावर पडतं. म्हणजे बोलणारा एक आणि ऊन खात ऐकणारे पंधरा. परवा नंदलालने तिथून आपल्या व्याह्याला फोन लावला, तर व्याह्याच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं ऊन खाणाऱ्यांनीच देऊन टाकली. माझं काम तसं चारचौघांतलं नाही. म्हणून पत्र.

हकिकत एप्रिलपासून सुरू होते. आमची बस तुम्हाला ठाऊक आहेच. संध्याकाळी सहाला वर येते, रात्रभर अक्रोडाखाली झोपते, सकाळी पावणेसातला खोकत उठते आणि सव्वानऊला चौरीघाटच्या स्टँडवर उतरवते. एप्रिलमध्ये एक दिवस तिच्यातून डेपोचा इन्स्पेक्टर उतरला. माणूस सभ्य. त्याने चहा घेतला, कागद काढला आणि सांगितलं, की सबंध हिवाळ्यात टिकरधारहून दिवसाला सरासरी तीन तिकिटं फाटली आणि त्यातलं एक दोनदा बकरीचं होतं. मग वेशीवरच्या पाटीकडे बोट करून म्हणाला, "पाटीवर लोकसंख्या एकशे शेहेचाळीस. तिकिटं तीन. बाकीचे काय उडत जातात?"

आता त्याला काय सांगणार, की होय, उडालेच आहेत. पाटी जुन्या खानेसुमारीची. त्यातले कोणी बद्दीच्या कारखान्यात आहेत, कोणी गोव्याला हॉटेलात भांडी मोजतात, माझाच मुलगा हेमंत चंदीगडला आहे, आणि काही जण जिथून बस परत येत नाही तिथे गेले. मी स्वतः धूर निघणारी घरं धरून मोजदाद केली होती. एक्काहत्तर माणसं. पण सरकारी पाटीला खोटं कसं पाडायचं, म्हणून आम्ही गप्प बसलो. इन्स्पेक्टर म्हणाला, मे आणि जून बघू. रोज दहा तिकिटं वरच्या थांब्यावरून फाटली तर बस राहील. नाहीतर एक जुलैपासून ती सेरीलाच थांबेल आणि सेरीहूनच परत फिरेल. शाळेचे पास यात धरायचे नाहीत.

सेरी तुमचं जन्मगाव, म्हणून मी जास्त बोलत नाही. पण तुमच्या ग्रामप्रधानाने त्या संध्याकाळी पेढे वाटले हे इथे कळलं, आणि ते पेढे कोणी बांधून वर पाठवले नाहीत हेही सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे. सेरी ते टिकरधार सात किलोमीटर, सगळा चढ. धडधाकट माणूस चढेल. पण आमच्या चार मुली चौरीघाटला अकरावीला जातात. संध्याकाळी सेरीला उतरून देवदारांतून सात किलोमीटर वर यायचं म्हटल्यावर त्यांच्या बापांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की मग बारावी राहिली. त्या चौघी मंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून सभा झाली. ठरलं असं, की गावाने पाळीपाळीने बसने जायचं. काम असो वा नसो. रोज दहा माणसं, सकाळी खाली, संध्याकाळी वर. पाळीचा तक्ता करायचं माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि (हे नंदलाल बोलला) पोस्टात मला तसंही काही काम नसतं. भाड्याचं गावाने मिळून भागवलं, त्याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. एक्काहत्तरातून तान्ही, अंथरुणावरची, पासवाली आणि देवतेचा पुजारी वगळले तर उरतात बेचाळीस. म्हणजे दर चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येकाची पाळी. मी तक्ता लाल-निळ्या शाईत केला आणि पोस्टाच्या भिंतीवर लावला. मी स्वतःला त्यातून वगळलं, कारण पोस्ट उघडं राहायला हवं. तेव्हा ते कोणाला खटकलं नाही.

इथवर लिहून उठलो होतो. वळणावर जाऊन बस दिसते का बघून आलो. दुपारचे दोन वाजलेत, बस सहाला येते, हे मला माहीत आहे. हल्ली असंच होतं. एका जागी बसवत नाही.

तर पहिला आठवडा. दहा माणसं सव्वानऊला चौरीघाटला उतरली आणि परतीची बस साडेतीनला. मधले सहा तास काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मटार तोडायचे दिवस, बटाट्याची खुरपणी राहिलेली, आणि ही दहा माणसं स्टँडवरच्या बाकांवर ओळीने हात मांडीवर ठेवून बसलेली. दुसऱ्या दिवशी दुसरी दहा, तशीच. तिसऱ्या दिवशी तहसीलातला एक बाबू येऊन नम्रपणे विचारू लागला, की आपलं धरणं कशासाठी आहे. नंदलालने सांगितलं, कशासाठीच नाही. बाबूला वाटलं, प्रकरण गंभीर आहे, मागण्या लपवताहेत. तो दुपारी पुन्हा आला, या वेळी साहेबांना घेऊन, आणि चहा घेऊन. एवढा चहा पाजल्यावर काहीच न मागणं नंदलालला उद्धटपणाचं वाटलं, म्हणून तो संकोचत म्हणाला, एखादा हातपंप द्या. साडूभाऊ, पंधरा दिवसांत हातपंप आला. ज्या गावात पावलापावलाला झरा आहे, जिथे पाणी नको म्हणून लोक चर खणतात, तिथे बावडीच्या शेजारी आता हिरवा हातपंप उभा आहे. आम्ही त्याला शेळ्या बांधतो.

मग हळूहळू ज्याला त्याला काम सापडत गेलं. दिलाराम आणि मोलकराम हे सख्खे भाऊ एका अक्रोडाच्या झाडावरून अकरा वर्षं एकमेकांशी अबोला धरून होते. माझ्या नजरचुकीने दोघं एका दिवसात पडले आणि कंडक्टर पदमसिंगने दोघांना एका सीटवर कोंबलं. सेरी येईपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत होते (खिडकी एकच, म्हणजे मोलकरामला दिलारामच्या डोक्याआडूनच बघायचं होतं). सेरीच्या पुढे त्यांचं भांडण जुंपलं. अकरा वर्षांचं साचलेलं, ते चौरीघाटपर्यंत पुरलं आणि परतीलाही पुरलं. संध्याकाळी दोघं वेगवेगळे माझ्याकडे आले आणि दोघांनीही हळूच तेच सांगितलं, की पुढच्या वेळी आम्हाला एकाच दिवशी घाल, अजून बरंच बोलायचं राहिलं आहे.

फुला काकी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सेरीच्या खाली कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी सरकारी दवाखाना शोधून काढला. तिथे एक डॉक्टरीण आहे, ती सगळ्यांना 'अम्माजी' म्हणते. काकींना घरी सुना 'ए बुढी' म्हणतात. झालं, काकी प्रत्येक पाळीला नवा आजार घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. कधी कान, कधी कंबर, एकदा तर स्वप्नं पडतात म्हणून. डॉक्टरणीने शेवटी त्यांचे डोळे तपासले, तर दोन्हींत मोतीबिंदू पिकलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काकी परत आल्या आणि गावाची शांतता गेली. त्यांना आता सगळं दिसतं. कोणाच्या अंगणात शेण किती दिवसांचं आहे, कोणती सून काजळ घालते, माझ्या टोपीला मागून भोक आहे. मला म्हणाल्या, "मास्टरजी, मला इतकी वर्षं वाटायचं तू दिसायला बरा आहेस."

आता चंद्रमणीचं. तुमच्या मेहुणीला मी एकोणचाळीस वर्षं ओळखतो (असं मला वाटत होतं). या सगळ्या वर्षांत तिने मला कधी कुठे ने म्हटलं नाही. माहेर, जत्रा, आमच्या मुलीचं, सुनिताचं बाळंतपण, झालं. पहिल्या पाळीला ती कुरकुरतच गेली. संध्याकाळी आली ती थेट चुलीपाशी. मी विचारलं, कसं होतं. म्हणाली, "लोक आहेत." पुढच्या पाळीलाही तेच. मग एक दिवस नंदलालच्या सुनेची खुरपणी राहिली होती, तर चंद्रमणी म्हणाली, तुझ्या जागी मी जाते. मग मोलकरामच्या बायकोच्या जागी गेली. मग ज्याला ज्याला शेतात काम, त्याच्या जागी ती. मेच्या शेवटी ती आठवड्याला पाच दिवस बसमध्ये होती. आणि मी मूर्ख, साडूभाऊ, सभेत उभा राहून तिचं उदाहरण दिलं. म्हणालो, गावासाठी झटावं तर असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मागच्या रांगेत लोकरी पट्टूचा पदर तोंडावर घेऊन बसली होती. मला वाटलं, लाजते आहे. आता वाटतं, हसत असावी.

घरातून अक्रोड संपत होते, खसखस संपत होती, तुपाचा डबा दर तिसऱ्या दिवशी तळ दाखवत होता. पोस्टमास्तराला शिक्क्यांची शाई किती उरली ते ठाऊक असतं, तुपाचं नसतं. पदमसिंगकडून कळलं, की स्टँडच्या टोकाला एक बाई अक्रोड-खसखस भरलेले कणकेचे सिड्डू वाफवून विकते, तिच्याकडे आमची ही रोज बसायची. आधी नुसती बसायची. मग त्या बाईचे सिड्डू दडस होतात असं तिच्या तोंडावर सांगितलं. मग करून दाखवले. आता सगळे ड्रायव्हर तिथेच खातात आणि डेपोच्या गाड्या त्यामुळे दहा-दहा मिनिटं उशिरा सुटतात. मला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

याच सुमारास गावाचंही काही बिनसलं. दर चौथ्या दिवशी चौरीघाट बघणाऱ्या माणसाला पाचव्या दिवशी टिकरधारमध्ये चैन पडेना. माणसं खुरपता खुरपता मान वर करून वळणाकडे बघायची. पाळी नसलेले लोकही सकाळी बसपाशी येऊन उभे राहायचे, नुसते निरोप द्यायला. नंदलालचा कुत्रा दोनदा बसमध्ये चढून सेरीला उतरला. मग नंदलालचा मुलगा आणि सून म्हणाले, रोज जायचं-यायचं तर तिथेच खोली का घेऊ नये, तिथे दुकानात कामही मिळतं. ते गेले. मागोमाग मोलकरामचं कुटुंब गेलं, पाच माणसं. (दिलाराम त्या दिवशी जेवला नाही. भांडण अर्धंच झालं होतं.) माणसं कमी झाली तशी उरलेल्यांची पाळी तिसऱ्या दिवशी येऊ लागली, मग दुसऱ्या. पाळी लवकर आली तसे आणखी दोघं-तिघं खालीच राहिले. मी तक्ता फाडून नवा करायचो, तो आठवड्यात जुना व्हायचा. बस राखायला माणसं पाठवत होतो, आणि तीच बस माणसं घेऊन जात होती.

मला राग आला. मी सभा बोलावली आणि म्हणालो, की यापुढे जो गाव सोडेल, त्याने इथे धाडलेलं पत्र मी वाटणार नाही. त्यावर 'स्वीकारायला नकार' असा शेरा मारून परत पाठवीन. (पोस्टाच्या नियमात असं अजिबात बसत नाही. पण सभेत नियम कोणाला ठाऊक.) सगळे खाली बघत होते. मीही जरा जास्तच जोरात बोललो.

त्यानंतर चौथ्या दिवशी बस आली, माणसं उतरली, आणि चंद्रमणी उतरली नाही.

मी बसमध्ये चढून मागच्या सीटपर्यंत बघून आलो. पदमसिंग घसा खाकरून म्हणाला, "मास्टरजी, चाचींनी सांगितलंय, पीठ पत्र्याच्या डब्यात आहे, दही झाकून ठेवलंय, आणि लाल कोंबडी गवतात अंडी घालते, घरात शोधू नका."

मी विचारलं, कधी येणार म्हणाली.

"मी विचारलं तसं," तो म्हणाला. "तर म्हणाल्या, त्यांना म्हणावं तक्त्यात बघा."

आजूबाजूला नऊ माणसं आणि चार मुली उभ्या. मी सांगितलं, फुला काकींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यांच्या सोबतीला राहिली आहे. आणि ते खरंही होतं. दोघींनी मिळून सिड्डूवाल्या बाईच्या दुकानावरची खोली घेतली होती. पण डोळ्याचं ऑपरेशन दोन दिवसांचं आणि आज सतरावा दिवस आहे. गावात कोणी मला विचारत नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. (आणि गवत सगळं उपसून झालं. कोंबडीने जागा बदललेली दिसते.)

सहाव्या दिवशी मी पोस्ट दिलारामवर सोपवून बसने खाली गेलो. तक्त्यात स्वतःचं नाव घातलं, लाल शाईत. चौरीघाटच्या स्टँडवर उसाचा रस काढायचं एक यंत्र आहे, त्याच्यामागे उभा राहिलो. ती समोरच होती. हाताला पीठ लागलेलं, कपाळाचे केस मनगटाने मागे सारत होती. एका ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली आणि तो तोंडात घास असताना हसला, आणि मग तीही हसली, मान मागे टाकून. साडूभाऊ, मी एकोणचाळीस वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नाही, किंवा ती हसली असेल आणि मी तेव्हा टपाल लावत असेन. पुढे जाऊन 'घरी चल' म्हणायचं तर ती म्हणेल 'का', आणि त्या 'का'ला माझ्याकडे कोंबडीशिवाय उत्तर नव्हतं. मी पाच ग्लास रस प्यायलो. साडेतीनच्या बसने परत आलो.

संध्याकाळी उतरताना पदमसिंगने माझ्या हातात पानात बांधलेला सिड्डू ठेवला. अजून कोमट होता. म्हणाला, "चाचींनी दिलाय. म्हणाल्या, यंत्रामागे उभं राहून पाय दुखले असतील."

सिड्डू उत्तम होता. अक्रोडाचं सारण होतं. मी उभ्या उभ्याच खाल्ला आणि मग तूप टोपीला पुसलं.

आणखी तीन दिवसांनी टपालाच्या थैलीत एक अंतर्देशीय पत्र निघालं. पत्ता: श्री. लायकराम, टिकरधार. पाठवणार: चंद्रमणी, बस स्टँड, चौरीघाट. पाचवीपर्यंतचं अक्षर, रेघेच्या वर तरंगणारं. आता माझी पंचाईत बघा. गाव सोडून गेलेल्यांची पत्रं वाटणार नाही असं मी भर सभेत बोललेलो, आणि त्या दिवशी थैली उघडताना पोस्टात ऊन टाळायला बसलेली चार माणसं. मी पत्र खणात ठेवलं. दोन दिवस ते तिथे होतं. दोन दिवस मी पोस्टमास्तर म्हणून त्याच्यावर पहारा दिला आणि माणूस म्हणून त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी ते टपालाच्या पिशवीत घातलं, घरी गेलो, दार वाजवलं (आत कोणी नाही हे माहीत असून), थोडा थांबलो, आणि रीतसर स्वतःच्या हातात दिलं.

तिने लिहिलं आहे, की ती बरी आहे, काकींचा दुसरा डोळाही आता स्वच्छ आहे आणि त्यामुळे खोलीत राहणं कठीण झालं आहे. पुढचं जसंच्या तसं उतरवतो, कारण मला ते पाठ झालं आहे. "तुम्ही एकतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. मला एकही आलं नाही. कोण लिहिणार, मी कुठे गेलेच नाही आणि तुम्हीही नाही. इथे खोलीखाली पोस्टाची पेटी आहे, येता-जाता दिसते. म्हटलं, एक टाकून बघू. उत्तर आलं तर कसं वाटतं तेही बघू. निरोप पदमसिंगकडे देऊ नका, तो चावट आहे."

घरी या, येत नाही, रागावले, रुसले, काही नाही. एवढंच.

बसचं सांगायचं राहिलं. एक जुलैला इन्स्पेक्टर आला. दोन महिन्यांची सरासरी अकरा. त्याने कागदावर सही केली, बस टिकरधारपर्यंत राहील, पुढचं वर्षभर तरी. मग तो इकडेतिकडे बघू लागला. बंद दारं, शेळ्या बांधलेला हातपंप. म्हणाला, "रोज अकरा माणसं जातात, मग गावात माणूस का दिसत नाही?" दिलाराम म्हणाला, "सगळे बसमध्ये असतात, साहेब." आणि ते तसं खोटंही नाही. जे खाली राहायला गेले ते शनिवारी वर येतात, खुरपतात, तूप आणि मटार बांधून घेतात आणि सोमवारी परत जातात. आता त्यांना तक्ता लागत नाही. खानेसुमारीवाला पुन्हा आला तर त्याने बसच्या दारातच उभं राहावं. धूर निघणारी घरं धरून काल मोजले, बावन्न आहेत. मला धरून. चौघी मुली मात्र बारावीला गेल्या. काल त्यांच्यातल्या एकीने मला बसमध्ये खिडकी देऊ केली. मी कुठे जाणार आहे असं तिला वाटलं कोण जाणे.

तेव्हा गावाचं ठीक चाललं आहे, आणि माझंही. गाव सोडायचा विचार माझ्या मनाला शिवत नाही. कोणी तरी इथे बसायला हवं, नाहीतर बस येणार कोणाकडे. दीदींना पुन्हा नमस्ते. गुडघ्याला जपावं. थंडीत या, ऊन चांगलं असतं.

तुमचा,
लायकराम

ता. क. म्हशीचं नक्की कळवा.

ता. क. आणखी एक, अगदी किरकोळ. तुम्ही राजपुऱ्याच्या कारखान्यात होता आणि दीदी सेरीला होत्या, तेव्हा सेरीचं टपालही आमच्याच ऑफिसात यायचं. बावीस वर्षं तुमचं दर आठवड्याला एक पत्र यायचं. ती पत्रं मी कधी उघडली नाहीत, देवतेची शपथ. पण दीदी ती पोस्टाच्या पायरीवरच बसून उघडायच्या, घरी जाईपर्यंत दम नसायचा, आणि पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी आतून, गजांतून बघितलं आहे. ती पहिली ओळ काय असायची, ते मला कळवाल का? पुढचं मी जमवीन. मी लोकांची हजारो पत्रं लिहून दिली. पण हे लिहायला बसलो की दर वेळी कागदावर 'आपलं दिनांक चौदाचं पत्र मिळालं, मजकूर समजला, योग्य ती कार्यवाही' असंच उतरतं. अकरा कागद फाडले. दीदींना यातलं सांगू नका. किंवा ओळ त्यांनाच विचारा, तुम्हाला आठवत नसेल तर.

ता. क. उत्तर टिकरधारच्या पत्त्यावर पाठवू नये. सोमवारपासून मी रजा टाकली आहे, बदली दिलाराम. पत्ता असा: लायकराम, सिड्डूचं दुकान, बस स्टँड, चौरीघाट. तुम्ही म्हणाल, तिथेच जातो आहेस तर पत्र कशाला, तोंडाने बोल. पण तिने पत्र मागितलं आहे, मला मागितलेलं नाही. तुमची ओळ आली की मी तिच्या खोलीखालच्या पेटीत ते टाकीन. तिथलं टपाल आधी मोठ्या ऑफिसला जातं, शिक्का बसतो, मग परत चौरीघाटला वाटायला येतं. तीन दिवस लागतात. पत्र हातात पडेपर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलावं की नाही, याबद्दल पोस्टाचा कुठलाही नियम नाही. मी पुस्तक काढून पाहिलं.